घरच्या घरी आल्याची बिअर: पहिल्यांदाच करणाऱ्या पुणेकरांसाठी

बिअर घरी करून बघायची हौस पुण्यात बऱ्याच जणांना आहे. २००९ मध्ये डूलाली या कंपनीने इथे मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच थोडी थोडी बिअर बनवून विकणारं ठिकाण, सुरू केली. पुढे तशी आणखी ठिकाणं निघाली, ताज्या बिअरची चव लोकांना कळली आणि त्यापाठोपाठ "हे घरी जमेल का?" हा प्रश्नही आला. जमायला जमेल, पण करू नये. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे. बार्लीचा मॉल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) उकळून, हॉप्स (कडवटपणा आणणारी फुलं) घालून बिअर आंबवणं त्यात येतंच, मग ती दोनच लिटर का असेना.

म्हणून मी सगळ्यांना आल्याच्या बिअरकडे वळवतो. आंबवण्यात जे काही शिकण्यासारखं आहे ते सगळं इथे आहे: जिवंत यीस्ट, आपोआप तयार होणारा वायू, बाटलीत वाढणारा दाब, तळाशी बसणारा गाळ, ऋतूप्रमाणे बदलणारा वेळ. साहित्य मंडईत मिळतं, खर्च थोडा, आणि नीट केली तर मद्यार्क नाममात्र राहतो. चवीला ही आल्याच्या सरबतापेक्षा फार वेगळी लागते. गोडवा कमी होतो, आंबटपणाला धार येते आणि तिखटपणा नाकापर्यंत जातो.

इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या बाजूला अठराव्या शतकाच्या मध्यापासून ती घरोघरी होत असे. तिच्यामागे नेमके कोणते जीव आहेत याचा छडा हॅरी मार्शल वॉर्ड या वनस्पतिशास्त्रज्ञाने लावला आणि १८९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: यीस्ट आणि जिवाणू यांची ती भागीदारी होती. यीस्ट साखर खाऊन वायू करतं, जिवाणू आंबटपणा आणतात, आणि त्या आंबटपणामुळे नको ते जंतू वाढत नाहीत. आपण करणार आहोत त्यातही असंच घडतं, फक्त आपले जीव आल्याच्या सालीवरून येतात. कॅम्पात आर्देशीरचा सोडा १८८४ पासून मिळतो. तसल्या सोड्यात वायू यंत्राने भरलेला असतो. इथे तो बाटलीतल्या बाटलीत तयार होतो, आणि सगळी काळजी घ्यायची ती त्यामुळेच.

काम दोन टप्प्यांचं आहे. आधी आल्याचं विरजण, म्हणजे यीस्ट वाढवलेलं आलं-साखरेचं पाणी, करायचं, त्याला तीन ते सात दिवस लागतात. मग आल्याचा काढा करून, गार करून, त्यात हे विरजण घालून बाटल्या भरायच्या. त्याला ऋतूप्रमाणे एक ते पाच दिवस.

आलं आणायला जाताना

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा, कारण विरजण लागेल की नाही हे आलंच ठरवतं. सालीवर यीस्ट जिवंत असायला हवं. मॉलमधलं चकचकीत धुतलेलं, सालीचा पत्ता नसलेलं आलं घेऊ नका. सातारा जिल्ह्यात आल्याचं मोठं पीक येतं, त्यामुळे पुण्यात ताज्या आल्याला तोटा नसतो. मंडईत गेलात तर सरळ विचारा, "मावशी, माती लागलेलं आलं आहे का?" वरच्या ढिगात नसलं तर बऱ्याचदा मागच्या पोत्यातून काढून देतात. गाठ मोडून बघा. कट्कन मोडली, आत ओलसर पिवळी असली आणि वास लगेच आला तर घ्या. मऊ पडलेली, सुरकुतलेली, मोडाच्या टोकाला निळसर बुरशी आलेली गाठ नको. कोवळं आलं मिळालं तरी चालतं, पण तिखटपणा जून आल्याला जास्त असतो. मी विरजणाला मिळेल ते ताजं आलं वापरतो आणि काढ्याला आवर्जून जून घेतो.

सेंद्रिय शेतीचं आलं मिळालं तर विरजणासाठी तेच घ्या. पाव किलो पुष्कळ झालं.

साखर साधी पांढरी. गुळाची आल्याची बिअर सुरेख होते, पण पहिल्या खेपेला नको. गुळाचा रंग गडद, चव जोरदार आणि प्रत्येक ढेपेची वेगळी. काही बिनसलं तर आल्यामुळे की गुळामुळे हे नवख्याला कळत नाही. दोन-तीनदा साखरेवर हात बसला की अर्धी साखर आणि अर्धा गूळ करून बघा. गूळ घालाल तेव्हा काढ्यात उकळून गाळून घ्या, त्यात कचरा असतो. लिंबं रसरशीत, पातळ सालीची.

उन्हाळ्यात घरोघरी सरबतं, स्क्वॉश करताना टिकण्यासाठी आपण केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट) किंवा सोडियम बेन्झोएट घालतो. तो हात इथे आवरा. यीस्टला वाढू न देणं हेच त्या पदार्थांचं काम असतं. बाटलीतला तयार लिंबूरस किंवा तयार आल्याची पेस्टही त्याच कारणाने नको.

पाणी

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते आपल्याला पिण्यासाठी हवं आहे, पण विरजणाला नको. पाणी दहा मिनिटं उघड्या पातेल्यात खळखळून उकळा आणि झाकून पूर्ण गार करा. आदल्या रात्री करून ठेवलं की सकाळी हाताशी असतं. आरओचं पाणी वापरलं तरी चालतं. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी मात्र टाळा. त्यातले क्षार लिंबाचा आंबटपणा खातात आणि पेय बोथट लागतं. वाघोलीकडे किंवा शहराच्या कडेच्या नव्या सोसायट्यांत टँकरवर दिवस काढणाऱ्यांनी या कामापुरतं आरओचंच पाणी घ्यावं.

भांडी आणि बाटल्या

विरजणाला एक लिटरची रुंद तोंडाची काचेची बरणी, मोरांबा-लोणच्याची असते तशी. काढ्याला स्टीलचं जाड बुडाचं पातेलं. तांब्या-पितळेची भांडी कितीही आवडती असली, आणि तांबट आळीतून खास घडवून आणलेली असली, तरी यात नकोत. आंबट पदार्थात तांबं उतरतं. ॲल्युमिनियमही नको. गाळायला स्टीलची बारीक गाळणी आणि धुतलेलं मलमल, बाटली भरायला नरसाळं, वजनाला स्वयंपाकघरातला काटा. एवढंच.

बाटल्यांबद्दल मी हट्टी आहे. पहिल्या पाच-सहा खेपांना काच वापरू नका. कोल्ड्रिंकच्या किंवा सोड्याच्या अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिक बाटल्या घ्या, झाकणासकट. त्या वायूच्या दाबासाठीच बनवलेल्या असतात. शिवाय त्या दाबून बघता येतात, आणि आपलं सगळं मोजमाप त्या दाबण्यावरच आहे. साध्या पाण्याच्या पातळ बाटल्या मात्र या कामाच्या नाहीत. बोहरी आळीत क्लिपच्या झाकणाच्या देखण्या काचेच्या बाटल्या मिळतात. दिसतात छान, पण त्यातल्या बऱ्याच तेल-सरबतासाठी असतात, दाब सोसण्यासाठी नव्हे. चौकोनी बाटली, सॉसची बाटली, औषधाची बाटली यांचा तर विचारही नको. काचेची बाटली दाबाने फुटते तेव्हा तुकडे खोलीभर उडतात. घरात लहान मुलं असतील तर हे वाक्य पुन्हा वाचा.

बरणी, पातेलं, गाळणी साबणाने घासून उकळत्या पाण्याने विसळा. बरणी आधी कोमट पाण्याने गरम करून घ्या, नाहीतर तडकेल. प्लॅस्टिकच्या बाटलीत उकळतं पाणी ओतलं तर ती आक्रसते, म्हणून तिला कोमट पाणी आणि साबण, मग उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा विसळायचं. झाकणाच्या आट्यांत साबण राहतो, तिथे बोट फिरवा. आतून ओरखडे पडलेली बाटली टाकून द्या, ओरखड्यांत जंतू घर करतात.

विरजण लावणं

पहिल्या दिवशी बरणीत अर्धा लिटर गार पाणी घ्या. पंचवीस ग्रॅम आलं, म्हणजे किसून साधारण दोन मोठे चमचे, आणि पंचवीस ग्रॅम साखर घाला. आलं नळाखाली धरून माती काढा, पण सोलू नका आणि घासूही नका. सालीसकट किसा. लाकडी किंवा स्टीलच्या चमच्याने साखर विरघळेपर्यंत ढवळा. तोंडावर मलमल किंवा जुन्या धोतराचं स्वच्छ फडकं बांधा. हवा आत-बाहेर जाऊ दे, चिलटं नकोत. पावसाळ्यात चिलटांचा सुळसुळाट असतो, त्यामुळे फडकं दुहेरी बांधा आणि रबर घट्ट लावा. बरणी ओट्याच्या कोपऱ्यात, उन्हापासून आणि शेगडीपासून दूर ठेवा. केळ्यांच्या किंवा कचऱ्याच्या डब्याच्या शेजारी नको.

दुसऱ्या दिवसापासून रोज एकदा, ठरलेल्या वेळी, एक मोठा चमचा किसलेलं आलं आणि एक मोठा चमचा साखर घालून ढवळायचं. जमलं तर संध्याकाळी नुसतंच एकदा आणखी ढवळायचं. ढवळल्याने वर तरंगणारं आलं बुडतं आणि त्यावर बुरशी धरत नाही.

दुसऱ्या दिवशी फारसं काही दिसणार नाही. पाणी जरा गढूळ होतं, एवढंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरणी उजेडासमोर धरून नीट बघा. किसाच्या बारीक तंतूंना मोहरीच्या दाण्याहून लहान बुडबुडे चिकटलेले असतात. एखादा तंतू त्यांच्या जोरावर सावकाश वर येतो, पृष्ठभागाला पोचला की बुडबुडे सुटतात आणि तो पुन्हा खाली जातो. चमचा घातलात की एकदम फेस उसळतो आणि बारीक चुरचुर ऐकू येते. कान बरणीजवळ नेला तर ती न ढवळताही ऐकू येते. वास बदललेला असतो: कच्च्या आल्याचा उग्रपणा कमी, त्यात आंबूस गोड काहीतरी मिसळलेलं. तळाशी पांढुरका गाळ बसतो, ते यीस्ट. तो गाळ फेकू नका, घाबरूही नका.

ढवळल्यावर फेस जोरात यायला लागला आणि सलग दोन दिवस तसाच येत राहिला की विरजण तयार. एप्रिल-मेमध्ये तिसऱ्या दिवशीसुद्धा होतं. डिसेंबरात, रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो तेव्हा आठवडा लागतो. थंडीत बरणी फ्रीजच्या वर किंवा वायफायच्या राउटरजवळ ठेवली तर तेवढी ऊब पुरते. पहिल्यांदा करत असाल तर जुलै-ऑगस्ट गाठा. घरात पंचवीस-सत्तावीस अंश टिकून असतात, घाई नाही आणि रेंगाळणंही नाही.

विरजणावर केसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी दिसली तर सगळं ओतून टाका. वरचा थर काढून खालचं वापरायचं नाही, मन घट्ट करा. पातळ पांढरी सुरकुतलेली साय आली तर ती रानटी यीस्टची असते आणि सहसा घातक नसते. तरी सुरुवातीला ओळख पटेपर्यंत तीही टाकलेली बरी. कधीकधी विरजण तार धरतं, चमच्यावरून भेंडीसारखं ओघळतं. काही जिवाणू साखरेपासून असा चिकट पदार्थ तयार करतात. तेही टाकून दुसरीकडचं आलं आणून नव्याने लावा.

पाचव्या-सहाव्या दिवशीही हालचाल नसेल तर कारण तीनपैकी एक असतं: पाण्यात क्लोरीन राहिलं, आलं मेलेलं होतं किंवा थंडी जास्त आहे. दुसऱ्या भाजीवाल्याकडचं आलं घालून आणखी दोन दिवस बघा. बहुतेक वेळा गाडी तिथे सुटते.

काढा

दोन लिटरची खेप धरू. शंभर ग्रॅम जून आलं धुऊन, पातळ चकत्या करून खलबत्त्यात ठेचा. मिक्सर फिरवलात तर पेय गढूळ होतं आणि चव कडवटाकडे झुकते, ठेचलेलंच बरं. एक लिटर पाण्यात घालून उकळी आणा, मग मंद आचेवर झाकून पंधरा मिनिटं ठेवा. गॅस बंद करून एकशेवीस ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ घाला. मीठ वगळू नका, त्याने आल्याची चव उठून येते. गाळून घ्या, चोथा पिळून काढा. त्यात पाऊण लिटरहून थोडं जास्त गार उकळलेलं पाणी घाला. पूर्ण गार झाल्यावरच दोन लिंबांचा रस. लिंबू गरम काढ्यात पिळलं तर ताजेपणा जातो. आंबटपणा पुरेसा असणं सुरक्षिततेसाठीही गरजेचं आहे, त्यामुळे लिंबात कंजुषी नको.

आता चाखा. या घडीला ते तुम्हाला हवं त्यापेक्षा जरा गोड आणि जरा जास्त तिखट लागायला हवं. थंड पेयात गोडवा दबतो, आणि थोडी साखर यीस्ट खाणार आहे. इथेच बेताचं गोड लागलं तर शेवटी फिकं लागेल.

काढा हाताला जराही कोमट लागता कामा नये. गरम काढ्यात विरजण घातलं तर यीस्ट मरतं आणि आठवडाभराची मेहनत एका मिनिटात जाते. घाई असेल तर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा. गार झालं की विरजण ढवळून, गाळून, सव्वाशे मिलिलिटर घाला. ढवळूनच घ्यायचं, कारण यीस्ट तळाशी बसलेलं असतं. सगळं एकजीव करून नरसाळ्याने चार बाटल्यांत भरा. वर दोन बोटं जागा सोडा आणि झाकण पूर्ण घट्ट लावा. पातेल्यात घोटभर उरतं ते पिऊन बघा, तयार पेयाशी तुलना करायला ही चव लक्षात ठेवायची आहे.

बाटली बंद ठेवायची, मधे सोडायची नाही

बरेच जण सांगतात की काढा दोन-तीन दिवस उघड्या बरणीत आंबवा आणि मग बाटलीत भरा. किंवा रोज झाकण सैल करून वायू सोडत राहा. मला दोन्ही पटत नाही, आणि त्याचं कारण हिशोबात आहे.

यीस्ट साखर खातं तेव्हा एका ग्रॅमपासून साधारण अर्धा ग्रॅम मद्यार्क आणि अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दोन्ही बरोबरीने वाढतात. एक लिटर पेय बऱ्यापैकी फसफसायला चार ग्रॅम वायू पुरतो. त्यासाठी आठ ग्रॅम साखर खाल्ली जाते आणि चार ग्रॅम मद्यार्क होतो, म्हणजे घनफळात अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आपल्याकडे अन्नसुरक्षेच्या नियमांत ०.५ टक्क्यांहून जास्त मद्यार्क असलेलं पेय मद्य धरलं जातं. पहिल्यापासून बंद असलेली बाटली कडक झाली म्हणजे आपण त्या रेषेपाशी आलो, आता थांबायचं. वायू सोडून दिलात की बाटली पुन्हा मऊ होते, यीस्ट खातच राहतं, मद्यार्क वाढत जातो आणि तो किती झाला हे कळायला तुमच्याकडे काहीच खूण उरत नाही. बाटलीचा कडकपणा हेच आपलं मोजमाप. ते हातचं घालवू नका. आणि त्यात नेमकेपणा नाही, अंदाज आहे, हेही ध्यानात असू द्या. म्हणून जरा आधीच थांबणं चांगलं.

बाटल्या भरल्या भरल्या एकदा अंगठ्याने दाबून बघा. सहज आत जाते. पुढे दर खेपेला त्याच जागी दाबा. आत जाईनाशी झाली, नव्या, न उघडलेल्या कोल्ड्रिंकच्या बाटलीच्या जवळपास घट्ट लागली, की ताबडतोब फ्रीजमध्ये. "उद्या सकाळी ठेवू" असं नाही. पावसाळ्यात याला दीड-दोन दिवस लागतात, थंडीत चार-पाच. मे महिन्यात एखाद्या दिवसात काम होतं, त्यामुळे तेव्हा दर पाच-सहा तासांनी बघा आणि रात्री झोपताना जवळजवळ घट्ट असेल तर तशीच फ्रीजमध्ये टाका. बाटल्या एखाद्या झाकणाच्या बादलीत किंवा जाड खोक्यात उभ्या ठेवल्या म्हणजे गळती झालीच तर ओटा चिकट होत नाही. ऑफिसला जाणाऱ्यांनी शुक्रवारी रात्री भरावं, शनिवार-रविवार घरी राहून बघता येतं.

तळ फुगला, बाटली उभी राहीना, इतका दाब झाला तर ती तिथेच उघडू नका. फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. थंड पेयात वायू जास्त विरघळतो आणि दाब उतरतो. पूर्ण गार झाल्यावर सिंकमध्ये धरून, तोंड स्वतःपासून वळवून, झाकण केसभर सैल करा, फेस वर आला की पुन्हा घट्ट करा. असं चार-पाचदा.

फ्रीजमध्ये किमान एक रात्र राहू द्या. वायू नीट विरतो आणि यीस्टचा गाळ तळाशी बसतो. उघडायची ती सिंकजवळच, सावकाश. ओतताना बाटली एकदाच तिरपी करा आणि शेवटचा गढूळ घोट बाटलीतच राहू द्या. तो प्यायला हरकत नाही, पण चव यीस्टची येते.

फ्रीजमध्येही यीस्ट पूर्ण झोपत नाही. आठवड्याभरात संपवा, मधे एकदा बाटल्या दाबून बघा. प्रत्येक बाटलीला तारखेची चिठ्ठी लावा. कुठलीही बाटली फ्रीजबाहेर विसरू नका आणि गाडीच्या डिकीत घालून सिंहगडावर न्यायची असेल तर थर्मासच्या पिशवीत बर्फासकट न्या.

कोणी प्यावी, कोणी नाही

मद्यार्क थोडा असला तरी शून्य नाही. लहान मुलं, गरोदर बायका, दारू सोडण्यासाठी औषध घेणारी माणसं, मेट्रोनिडॅझोलसारखं अँटिबायोटिक चालू असलेले, प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांना देऊ नका. धर्माने किंवा व्रताने दारू वर्ज्य असलेला पाहुणा आला तर आधी स्पष्ट सांगा, मग त्याने ठरवावं. मधुमेह असणाऱ्यांनीही जपून. यीस्टने साखरेचा थोडाच भाग खाल्लेला असतो. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात साधारण दहा ग्रॅम, म्हणजे अडीच चमचे साखर उरते. आणि ही घरच्यांसाठी, मित्रांसाठी करायची गोष्ट आहे. विक्रीचा विचार असेल तर त्याचे परवाने आणि तपासण्या वेगळ्या.

चवीत फेरफार

पहिली खेप साधीच करा. मग सगळ्यात आधी गवती चहा घालून बघा. काढा उकळताना शेवटच्या पाच मिनिटांत पाच-सहा पाती गाठ मारून टाकायची, गाळताना काढून घ्यायची. आल्याबरोबर गवती चहाइतकं दुसरं काही जमत नाही, असं माझं ठाम मत आहे. आमसुलं घातली तर रंग सुंदर येतो आणि लिंबू अर्ध्यावर आणता येतं. चार-पाच पुरेत, जास्त झाली तर तुरटपणा वरचढ होतो. मिरी दाणे ठेचून घातले की तिखटपणाला दुसरी बाजू मिळते.

आंब्याचा रस, स्ट्रॉबेरी, जांभूळ यांचा मोह मार्च ते जूनमध्ये होणारच. फळाचा गर बाटलीत गेला की त्यातली साखर वाढते आणि गराच्या कणांवर वायू एकदम सुटतो, झाकण काढताच निम्मी बाटली छताला लागते. फळ घालायचंच तर मलमलमधून स्वच्छ गाळलेला रस, बाटलीला दोन चमचे, आणि बाटलीवर दुप्पट लक्ष.

पेय फ्रीजमधून काढलं आणि सपक, बिनवायूचं निघालं तर विरजण अशक्त होतं किंवा झाकण सैल राहिलं. झाकण तपासून बाटली पुन्हा बाहेर ठेवा आणि दाबून बघत राहा. व्हिनेगरसारखं झोंबायला लागलं असेल तर हवा गेलेली असते, ते मग टाकून दिलेलंच बरं. उघडताना कुजक्या अंड्यासारखा किंचित वास आला आणि पेल्यात ओतल्यावर उडून गेला तर काळजी नाही, यीस्टवर ताण आला की तसं होतं. वास टिकून राहिला तर पिऊ नका. शंका आली की ओतून द्यायचं. दोन लिटर आल्याच्या पाण्याची किंमत ती काय.

उरलेलं विरजण

सव्वाशे मिलिलिटर काढून घेतलंत तेवढंच गार पाणी, एक चमचा आलं आणि एक चमचा साखर बरणीत घाला. आठवड्याला एक खेप करणार असाल तर बरणी बाहेरच ठेवून रोज खाऊ घालत राहा. नाहीतर झाकण सैल लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यातून एकदा चमचा-चमचा द्या. किसाचा थर बोटभर जाड झाला की जुना अर्धा गाळून काढा. चोथा साखरेत आटवून त्याच्या वड्या करता येतात, नाहीतर चहात टाका.

दिवाळीत पंधरा दिवस गावाला जायचं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी दोन चमचे साखर आणि दोन चमचे आलं देऊन बरणी फ्रीजच्या मागच्या बाजूला ठेवा. परत आल्यावर बाहेर काढा, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, अर्धं ओतून तेवढं ताजं पाणी घाला आणि दोन-तीन दिवस रोज आलं-साखर द्या. पुन्हा ढवळल्यावर फेस उसळायला लागला की नवा काढा चढवायला हरकत नाही.